बत्तीस घरांत बसवलेले पाढे

जुने कॉम्प्युटर गोळा करतो म्हटल्यावर मला येणाऱ्या दहा फोनांपैकी नऊ पेंटियम फोरचे, म्हणजे दोन हजारच्या दशकातल्या साध्या पीसीचे असतात. ‘भाऊ, घरी जुना कॉम्प्युटर पडून आहे, किती देता?’ पेंटियम फोर कुणालाच नको असतो, मलाही नको. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या सरांचा फोन आला तेव्हा मी एका कानानं ऐकत गाडीची चावी शोधत होतो. सर म्हणाले, “शाळेची जुनी प्रयोगशाळा रिकामी करून राहिले आहेत. त्यात दोन कॉम्प्युटर आहेत. वर ठिपक्यांचं घुबड आहे बघ.”

चावी शोधणं तिथंच थांबलं.

ठिपक्यांच्या घुबडाचं चिन्ह म्हणजे बीबीसी मायक्रो. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीनं बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी डिसेंबर १९८१ मध्ये काढलेला. आठ बिटचा ६५०२ प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्‌झ, मॉडेल बीमध्ये ३२ किलोबाइट रॅम, वरच्या ओळीत नारिंगी-तांबडी दहा फंक्शन बटणं. आपल्याकडे तो १९८४ च्या सुमारास शाळांत संगणक शिकवायच्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आला. पहिल्या खेपेला देशभरातल्या २५० शाळा निवडल्या होत्या. पुढं मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं हेच मशीन ‘युनिकॉर्न’ नावानं जोडायला घेतलं. १९८९ मध्ये तिथला कारखाना आगीत सापडला, पण ती वेगळी कथा.

सरांची शाळा नागपूरच्या महाल भागातली. नाव देत नाही, कारण पुढं जे झालं त्यात माझी चूक आहे आणि भोगलं शाळेनं. मी आनंदाच्या भरात सरांना विचारलं, “चालू होतो का, बघितलं का कोणी?”

नको तो प्रश्न मी विचारून बसलो होतो. माझा धंदा यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीचा. पडून असलेल्या पॉवर सप्लायला थेट वीज द्यायची नसते हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. पण सरांनी प्रश्न जसाच्या तसा शाळेत पोचवला, शिपाई मामांनी वायर जोडली, बटण दाबलं. सरांचा दुसरा फोन पाऊण तासात आला. कॉम्प्युटरनं आवाज केला, मिनिटभर ठीक होता, मग मागच्या जाळीतून पांढरा धूर, आणि घशात बसणारा वास अख्ख्या मजल्यावर. शेजारच्या वर्गातली मुलं मैदानात आणून उभी करावी लागली.

“मॅडम म्हणतात, आजच्या आज दोन्ही कबाड्याला द्या.”

कबाडी तसाही संध्याकाळी यायचाच होता, मोडके बेंच आणि एक लोखंडी कपाट न्यायला.

नोंदवही

मी दुकान पोराच्या हवाली करून महालात पोचलो. मुख्याध्यापिका मॅडम मूळच्या मराठीच्या शिक्षिका, स्वभावानं शांत, पण त्या दिवशी तापलेल्या होत्या आणि ते रास्तच होतं. आधी मी माफी मागितली. मग धूर कशाचा होता ते सांगितलं.

बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन कपॅसिटर असतात, एक १०० नॅनोफॅरडचा, एक १० चा. त्या काळचे हे कपॅसिटर धातूचा थर दिलेल्या कागदाचे, वर पारदर्शक पिवळट कवच. पंचवीस-तीस वर्षांत कवचाला बारीक भेगा जातात, आतला कागद दमट होतो, आणि एक दिवस २३० व्होल्ट मिळाले की तो जळतो. वास भयंकर, धूर भरपूर. मशीनला मात्र बहुधा काही होत नाही, कारण हे दोघं नुसते दारावरचे पहारेकरी, मशीनची वीज काही त्यांच्यातून वाहत नाही. मॅडमना हे पटलं असावं. त्या म्हणाल्या, “म्हणजे बॉम्ब नाही. पण ठेवून तरी काय करायचं?”

इथं मला मोह झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. माझ्या घरी घुबड नव्हतं. त्या क्षणी ‘मी घेऊन जातो, काय ते पैसे देतो’ म्हटलं असतं तर मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला असता. मी तोंड उघडणार तेवढ्यात लिपिक साहेबांनी जडवस्तू संग्रह नोंदवही आणून टेबलावर आपटली.

त्या वहीत दोन्ही मशीन होती. ‘संगणक, रंगीत बटणांसह, नग २’. त्यापुढं दरवर्षीच्या पडताळणीच्या सह्या, एकही वर्ष गाळलेलं नाही. मशीन बंद पडून किती वर्षं झाली कुणाला आठवत नव्हतं, पण कागदावर ती हजर होती. साहेब म्हणाले, “निर्लेखन, म्हणजे वहीतून रीतसर वजा, झाल्याशिवाय हे ना कबाड्याला देता येत, ना यांना. आणि ई-कचऱ्याचे नियम आहेत ते वेगळेच.”

मला वाटतं आमच्या छंदातली निम्मी मंडळी इथं शाळेला, ऑफिसला घोळात घेतात. ‘कोण बघतं’ म्हणतात आणि मशीन उचलतात. मग पुढच्या पडताळणीला कुण्या लिपिकाच्या पगारावर प्रश्न येतो. मी कागद वाचायला घेतला. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ज्याला त्यात मोठा ग्राहक म्हटलंय तो म्हणजे आर्थिक वर्षात यादीतली किमान १००० उपकरणं वापरणारी संस्था. ही शाळा त्यात बसत नव्हती. पण म्हणून कबाड्याच्या हातगाडीवर सर्किट बोर्ड टाकावेत असंही नाही. ते कुठं जाळले जातात हे नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मुळात ज्याचं निर्लेखनच झालेलं नाही तो कचराच नव्हे, ती शाळेची मालमत्ता.

सर कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, “मशीनचं जाऊ दे. माझ्या फ्लॉप्या कुठं आहेत?”

मग ठरलं ते असं: मशीन शाळेतच राहतील, दुरुस्ती मी शाळेतच येऊन करीन, पैसे घेणार नाही. फ्लॉप्या तेवढ्या वाचण्यापुरत्या घरी नेईन, पोच देऊन, नग मोजून. मॅडमनी साध्या कागदावर लिहून सही घेतली. कबाडी बेंच आणि कपाट घेऊन गेला, जाताना बीबीसीकडे बघून म्हणाला, “इसमें तो लोहा भी नहीं है.”

टेबलावर

दुरुस्तीत फार सांगण्यासारखं नाही. सीताबर्डीवर पार्टच्या दुकानातून थेट विजेवर चालणारे एक्स-टू वर्गाचे नवे फिल्म कपॅसिटर आणले, चारही बदलले. पहिली वीज सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत एक बल्ब घालून दिली. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला म्हणजे शॉर्ट नाही. ५ व्होल्ट बरोबर, उणे ५ बरोबर. सगळ्या रॉम, म्हणजे कायमच्या स्मृतीच्या चिप, सॉकेटमध्ये असतात, त्या उपसून पाय पुसून परत बसवल्या, कारण काळवंडलेला पाय हे निम्म्या आजारांचं मूळ. चित्र बघायला शाळेच्या स्टाफरूममधला पिवळ्या पिनेचा जुना टीव्ही. बीबीसीची व्हिडिओ पिन बीएनसी, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्याला असते तीच, त्यामुळं जोडणी एका सीसीटीव्ही बसवणाऱ्या पोराच्या पेटीत मिळाली.

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सूर काढतो, एक जाड, लगेच एक बारीक. जाड सूर म्हणजे खरं तर स्वागत नव्हे. आवाजाची चिप वीज मिळाली की आपल्या मनानंच बरळू लागते, आणि प्रोसेसर जागा झाला की तिला गप्प करतो. बारीक बीप म्हणजे ‘मी उठलो’. पहिल्या मशीनचा जाड सूर संपेचना, म्हणजे प्रोसेसर उठलाच नाही. दुसऱ्यानं, ज्यानं धूर काढला होता त्यानं, दोन्ही सूर काढले आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आपली ३२ के ची ओळख लिहिली. शिपाई मामा मागं उभे होते. ते म्हणाले, “पाहा, मी चालू केला होता तोच निघाला ना चांगला?”

फ्लॉप्या

फ्लॉप्या अकरा, सव्वापाच इंची, पुठ्ठ्याच्या डब्यात. डबा उघडल्यावर आधी वास आला. अकरापैकी सात चकत्यांवर पांढुरकी बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं.

नागपुरात बुरशी? मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, पापड दोन तासांत वाळतो. पण ज्या कपाटात डबा होता त्याच्या पाठीशी खिडकी, आणि खिडकीत डेझर्ट कूलर. वाळ्याच्या ताट्यांतून आलेली ओली हवा उन्हाळाभर थेट कपाटावर. बाहेर उन्हाळा कोरडा असतो, कूलरच्या खोलीतला नसतो. पावसाळ्याचे चार महिने आणि वर हे चार महिने, म्हणजे त्या फ्लॉप्यांना वर्षातून जेमतेम हिवाळा कोरडा मिळत होता. त्या दिवसापासून मी माझ्या संग्रहाची खोली बदलली. ती कूलरच्या शेजारचीच होती.

बुरशीची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये. हेड बुरशी खरवडतं, तीच पुढं घासत नेतं, आणि फ्लॉपीवरचा चुंबकीय थर गोल रेघेत उडतो. एकदा ती पारदर्शक रेघ दिसली की तिथला मजकूर गेला, कायमचा. म्हणून प्रत्येक फ्लॉपीचं काळं पाकीट एका कडेनं कापून चकती बाहेर काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं हलक्या हातानं पुसली, वाळवली, एका चांगल्या पाकिटात घालून वाचली. त्याआधी पाकिटाच्या खाचेवर चिकटपट्टी, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

वाचायचं कसं, तर साध्या पीसीला हे बहुधा जमत नाही. सरांच्या फ्लॉप्या एफएम या जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या, एका बाजूला ४० ट्रॅक, ट्रॅकवर १० सेक्टर, सेक्टरमध्ये २५६ बाइट, एकूण १,०२,४०० बाइट. पीसीच्या जमान्यात एमएफएम ही दाट लिहिणारी पद्धत आली आणि बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरनं एफएमची ओळखच सोडली. मी ग्रीझवीझल नावाचं छोटं कार्ड वापरतो. ते फ्लॉपीवर काय लिहिलंय याची फिकीर करत नाही, चुंबकाची दिशा कुठं कुठं पालटली त्या वेळा तेवढ्या टिपून घेतं, अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं. त्याला जोडलेला १.२ मेगाबाइटचा ड्राइव्ह इतवारीतल्या एका अडत्याच्या हिशेबाच्या जुन्या २८६ पीसीमधला.

पाच फ्लॉप्या पूर्ण आल्या. तीन अर्धवट. तीन काहीच नाही, त्या सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेवल्यात. परत पुसून बघायचा धीर अजून झालेला नाही.

पूर्ण आलेल्यांत एकावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘पाढे’.

चुक

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा सुरू झाल्यावर सरांना रिक्षानं आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, पण कीबोर्डपुढं बसल्यावर बोटं न शोधता पडली. फ्लॉपी फिरली, आणि टीव्हीवर आलं: ‘७ एके ७’. पुढं ‘७ दुणे’ आणि लुकलुकणारी चौकट.

त्या मशीनमध्ये देवनागरी नाही. एकही अक्षर नाही. पण त्याच्या बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आपलं अक्षर आपण घडवायची सोय आहे: आठ बाय आठ ठिपक्यांची चौकट, प्रत्येक आडव्या ओळीचा एक आकडा. सरांच्या प्रोग्रॅममधला ‘न’ असा आहे: २५५, ४, ४, १२४, १००, ४, ४, ०. २५५ म्हणजे आठही ठिपके पेटलेले, ती शिरोरेषा. ४ म्हणजे उजवीकडून तिसरा एकटा ठिपका, तो दंड. १२४ म्हणजे सलग पाच ठिपक्यांची आडवी रेघ, १०० म्हणजे तिच्या टोकाची गाठ. ‘ण’ सगळ्यात देखणा उतरलाय, कारण तो बहुतेक उभ्या रेघांचाच. ‘ह’ बिचारा चिरडलेल्या कोळ्यासारखा. सर म्हणाले, नववीच्या मुलांना आलेख वही दिली होती, ज्याचा चांगला उतरला त्याचा घेतला.

शिरोरेषाच पहिल्या ओळीत, मग मात्रा वर कुठं काढायची? त्यासाठी सरांनी ‘व्हीडीयू ५’ वापरलंय. त्यानं अक्षर पडद्यावर हवं तिथं मांडता येतं, एकावर एकसुद्धा. अक्षर आधी, मग थोडं वर सरकून मात्रा. हे चित्रांच्या मोडमध्येच चालतं, म्हणून मोड ४, आणि त्याची किंमत स्मृतीत मोजायची. एकूण ३२,७६८ बाइट. डिस्कची व्यवस्था आणि सिस्टिम मिळून ६,४०० आधीच घेतात. पडद्याला १०,२४०. प्रोग्रॅमला उरले १६,१२८. आज व्हॉट्सॲपवरचं सुप्रभातचं एक चित्र याच्यात मावत नाही.

पण खरी अडचण बाइटची नव्हती, घरांची होती. नेहमीच्या मांडणीत अशी स्वतःची अक्षरं ठेवायला ३२ घरं. आपली बाराखडी त्यात बसणं शक्यच नाही. सरांनी उलटा विचार केला: पाढ्यांना लागतं काय? दहा अंक. एके, दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, साते, आठे, नवे, दाहे. आणि उत्तराला ‘बरोबर’ नाहीतर ‘चूक’. मी बसून मोजलं. ए, आ, क, च, ठ, ण, त, त्र, द, न, प, ब, र, व, स, ह: सोळा. काना, वेलांटी, उकार, मात्रा, ओकार, अनुस्वार: सहा. अंक दहा. बरोबर बत्तीस.

मॅडम मागं उभ्या होत्या. त्यांनी मुद्दाम ‘७ दुणे’ला १५ टाकायला लावलं. पडद्यावर आलं: ‘चुक’.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “चुकीला ऊकार दीर्घ हवा.”

सर हसले. “तेव्हाच्या मराठीच्या बाईंनी पण हेच म्हटलं होतं. घर शिल्लक नव्हतं मॅडम. मी त्यांना म्हणालो, कोणतं अक्षर काढू ते सांगा. त्यांना सांगता आलं नाही.”

मला हे उत्तर फार आवडलं. मी मनातल्या मनात या लेखाचा शेवटही तिथंच केला होता. मॅडम मात्र माझ्या वहीतली यादी वाचत होत्या, बोटानं एकेक अक्षर मोजत.

“ओकार कशाला?” त्या म्हणाल्या. “काना आहे. मात्रा आहे. एकावर एक मांडता येतात म्हणालात ना तुम्ही?”

कूलरचा आवाज तेवढा खोलीत. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “काना-मात्रा मिळून ओकार,” ते स्वतःशीच म्हणाले. “पहिलीत शिकलो होतो हे मी.” मग माझ्याकडे वळून, “आलेखाचा कागद आहे का रे कोणाजवळ?”

दीर्घ ऊकार त्यांनी तिथंच काढला, पेन्सिलीनं, दोनदा खोडून. मी तो नव्या फ्लॉपीवर उतरवलेल्या प्रतीत घातला, ओकाराच्या घरात. ‘चोक’ आणि ‘बरोबर’च्या ओळी बदलायला सरांना पुढचे दोन शनिवार लागले. आता प्रतीत ‘चूक’ येतं. मूळ फ्लॉपीत ‘चुक’च आहे, तिच्या खाचेवर पट्टी आहे आणि ती प्रयोगशाळेच्या नव्या कपाटात आहे, खिडकीपासून दूर. नोंदवहीत लिपिक साहेबांनी ‘नग २’च्या पुढं लाल शाईनं लिहिलंय: ‘पैकी १ चालू’. उरलेल्या मशीनचा जाड सूर अजून संपलेला नाही. प्रोसेसर बदलून पाहिला, दोष त्यात नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत परत बसणार आहे.